कृष्णधवल समुद्र, खिशातल्या कॅमेऱ्यातून

हर्णैजवळ पुळणीवर ओढून ठेवलेल्या एका होडीचा फोटो मी काही वर्षांपूर्वी काढला होता. लालभडक रंगवलेली होडी आणि तिच्यामागे माडांची हिरवी दाटी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसत होता. घरी येऊन तो कृष्णधवल केला, आणि होडी नाहीशी झाली. नीट निरखून पाहिलं तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं उंच टोक, कुठे आहे ते कळत होतं, एवढंच. बाकी होडी आणि झाडी एकाच करड्या रंगात कालवल्यासारखी झाली होती.

तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे. समुद्रकिनाऱ्यावर कृष्णधवल फोटोची मांडणी कशी करायची हे कुणी विचारलं, की मी आधी तो दाखवतो.

झालं काय, ते थोड्या आकडेमोडीने कळतं. आपल्याला दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: त्याचा रंग आणि त्याचा उजळपणा. रंग इतका पटकन डोळ्यांत भरतो, की उजळपणाकडे आपलं लक्षच जात नाही. कॅमेरा रंग काढून टाकतो तेव्हा मागे फक्त उजळपणा उरतो. तो मोजण्याचं एक जुनं, टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं सूत्र आहे. लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरायचा आणि बेरीज करायची. हिरव्याला एवढा मान कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगगाळण्यांची जी जाळी असते, जिचं पेटंट कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या नावावर १९७६ साली झालं, तिच्यातही दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल आणि एक निळं असतं.

आता होडी घेऊ. समजा तिच्या रंगात लाल २००, हिरवा ६० आणि निळा ५० आहे. सूत्रात घातलं की उत्तर येतं साधारण १०१. मागच्या माडांत लाल ७०, हिरवा १२०, निळा ८०. उत्तर पुन्हा साधारण १०१. ० म्हणजे मिट्ट काळा आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र या मापावर दोघं एकाच पायरीवर येऊन बसले. लाल आणि हिरवा, रंग म्हणून एकमेकांचे वैरी, पण करड्यात सख्खे भाऊ.

कृष्णधवल मांडणीचं मर्म मला तरी एवढ्यातच दिसतं. उजळ वस्तूच्या मागे गडद काहीतरी हवं, गडद वस्तूच्या मागे उजळ काहीतरी हवं, आणि ही सोय बटण दाबायच्या आधी आपल्या पायांनी करायची असते.

त्याच होडीपाशी मी पुढे पुन्हा गेलो. या वेळी आधी डोळे किलकिले करून पाहिलं. पापण्या मिटत आणल्या की बारीक तपशील पुसट होतात, रंगांचा जोर कमी होतो आणि गडद-उजळ असे मोठे मोठे तुकडे तेवढे उरतात. होडी आणि माड लगेच एकमेकांत विरघळले. मग मी होडीला वळसा घालून जमिनीच्या बाजूला आलो आणि गुडघ्यावर बसलो. आता तिच्यामागे चकाकणारं पाणी होतं. नाळ उंच उठलेली, तिचा टोकदार आकार थेट पाण्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर कापून काढल्यासारखा. पण नाळेचं टोक नेमकं दूरच्या डोंगराच्या काळ्या रेषेला जाऊन टेकत होतं, आणि टेकलं की तिथे डोळा अडकतो. कॅमेरा आणखी वीतभर खाली नेला. टोक डोंगराच्या वर, आकाशात गेलं. होडी तीच, उजेड तोच, बदलली ती फक्त माझी जागा, जेमतेम वीस पावलं आणि एक वीत.

ही वीतभर खाली जाण्याची सोय खिशातल्या कॅमेऱ्यात फार चांगली असते, म्हणूनच मला तो समुद्रावर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा प्रिय आहे. पडदा वर वळवायचा, कॅमेरा वाळूच्या चार बोटं वर धरायचा. दुसरी सोय त्याहून मोठी आहे. कॅमेरा कृष्णधवल प्रकारावर ठेवला की पडद्यावर जग आधीच करडं दिसायला लागतं. होडी झाडीत हरवतेय का, हे तिथल्या तिथे कळतं. मात्र फाइल साठवताना रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही ठेवा. जेपेगमधून रंग कायमचे गेलेले असतात, रॉमध्ये ते शाबूत राहतात. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

तिसरी सोय भिंगाची. एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचं खरं माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतं. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४. छोट्या सेन्सरपुढे भिंगही छोटं लागतं, आणि भिंग छोटं म्हणजे जवळचं-लांबचं एकदम स्पष्ट येणं सोपं. अशा कॅमेऱ्यात सर्वांत रुंद दृश्य ठेवून, भिंगाचं छिद्र एफ/४ वर (एफपुढचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस केला, की एका मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हेच मोठ्या कॅमेऱ्यात साधायला एफ/११ पर्यंत जावं लागतं. म्हणून छोट्या कॅमेऱ्यात एफ/८, एफ/११ च्या मागे लागू नका. तिथे उजेड बारीक भोकातून जाताना पसरतो आणि फोटो उलट मऊ पडतो.

रुंद भिंगाचा एक तोटा आहे, आणि समुद्रावर तो फार जाणवतो. डोळ्यांना भव्य दिसलेला समुद्र फोटोत एक बारीक पट्टी होऊन बसतो. वर रिकामं आकाश, खाली रिकामी वाळू. यावर उपाय एकच, पायाशी काहीतरी शोधायचं. ओहोटीच्या वेळी वाळूवर इवल्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या पाहिल्या आहेत ना? उभ्याने पाहिलं तर ती नुसती खरखर वाटते. कॅमेरा जमिनीलगत नेला आणि सूर्य कलता असला, की प्रत्येक गोळीला एक उजळ बाजू, एक काळी बाजू आणि मागे लांब सावली मिळते. रंगीत फोटोत ती वाळू पिवळट-तपकिरी दिसून संपते. करड्यात ती रांगोळी होते. लाटेने ओढून नेलेल्या वाळूच्या वळ्या, खडपांतली पाण्याची डबकी, सुरूच्या मुळ्या, सगळ्यांना हेच लागू. उजेड तिरपा हवा, मग पोत आपोआप उठून येतो.

आता वेळेचा प्रश्न, आणि याचं उत्तर मला कॅमेऱ्याच्या कुठल्या पुस्तकातून मिळालं नाही. ओल्या वाळूवर आकाशाचं प्रतिबिंब पडलेला फोटो हवा म्हणून एकदा मी बरोबर सूर्यास्ताला पोचलो, तर ओली वाळू सगळी पाण्याखाली आणि समोर कोरडी भुसभुशीत पुळण. शेजारी जाळं विणत बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “आज अष्टमी ना हो?” मी म्हटलं, असेल. “मग सहाला भरतीच असणार. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते.”

कोकणात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही तेवढाच मागे पडत असतो. गावागावाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, खाडीच्या आत तर जास्तच. पण अंदाजाला हा हिशोब पक्का आहे.

फोटोसाठी यातून एक सुंदर योगायोग हाती लागतो. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाला, ऐन सूर्यास्ताच्या वेळी. शिवाय हे दिवस उधाणाचे. पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागेही जातं. म्हणजे आपल्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर उतरत्या उजेडात ओल्या वाळूचा सर्वांत रुंद आरसा याच दिवसांत मिळतो. अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत ते जमत नाही. तेव्हा खडकांवर आपटणाऱ्या लाटा पाहाव्यात. माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत तेव्हापासून पंचांगाचं छोटं पॉकेट कॅलेंडर असतं. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. उधाणाचं पाणी फिरलं की झपाट्याने चढतं आणि खडपांवरचं शेवाळ निसरडं असतं. पडद्यात डोळे घालून समुद्राकडे पाठ करू नका.

आकाशाकडे वळू. समुद्राच्या फोटोची सर्वांत जुनी अडचण तिथेच आहे. १८५०च्या दशकातल्या काचेवरच्या निगेटिव्हना निळा उजेडच तेवढा भराभर टिपता यायचा. समुद्र नीट यावा म्हणून प्रकाश द्यावा तर आकाश पार जळून कोरं व्हायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर तोडगा काढला. काही फोटोंत आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन त्यांनी छापताना त्या क्षितिजावर जोडल्या. भूमध्य समुद्रावर १८५७ च्या सुमारास काढलेले त्यांचे फोटो आजही पाहत राहावेत असे आहेत.

आपल्याला निगेटिव्ह जोडायची गरज नाही, पण आकाश जळण्याचा धोका तसाच आहे, आणि छोट्या सेन्सरला तो जास्त. एकदा पांढरं झालेलं ढगाचं टोक परत आणता येत नाही. सावलीतला काळोख मात्र रॉमधून बराच उचलता येतो. म्हणून हिशोब आकाशाचा धरायचा. एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं, बटण उणे पाऊण-एकवर नेऊन पडद्यावरचा उजळपणाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) उजव्या भिंतीला आपटत नाही ना, हे पाहायचं. याला एक उलटी बाजूही आहे. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्यावर आणू पाहतं. दुपारच्या पांढऱ्या वाळूवर आणि फेसाळ लाटांवर रोखलात तर तो त्यांना मळकट करून टाकतो. तिथे आलेख पाहत अधिककडे जावं लागतं. रत्नागिरीला मांडवीच्या बाजूची वाळू काळी आणि जवळच पांढरा समुद्र नावाचा किनारा पांढऱ्या वाळूचा. एकाच दिवशी दोन्हीकडे जाऊन पाहा. मोजमाप काळ्याला उजळवतं आणि पांढऱ्याला काळवंडतं. काळी वाळू इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजामुळे जड आणि चमकदार असते. कृष्णधवल फोटोसाठी मला तिच्याइतकी गुणी वाळू दुसरी दिसली नाही. तिच्यावर आलेली फेसाची एकच कड पुरते.

मघाशी रॉमध्ये रंग शाबूत राहतात म्हटलं, त्याचा उपयोग इथे. कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाला किती उजळ धरायचं, हे आपण ठरवू शकतो. जुने लोक भिंगापुढे लाल काच लावायचे. लाल काच निळा उजेड अडवते, म्हणून निळं आकाश गडद होतं आणि पांढरे ढग उठून दिसतात. आता तेच काम कॅमेऱ्यातल्या लाल फिल्टरच्या पर्यायाने किंवा नंतर निळ्या रंगाची सरकपट्टी खाली ओढून होतं. माझी हरवलेली होडीही अशीच परत मिळाली असती. लाल वर, हिरवा खाली केला की होडी उजळते आणि झाडी काळोखात जाते.

पण ही जादू आकाश निळं असेल तरच चालते. संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून उभे असाल तर समोरचं आकाश पांढरट-केशरी असतं, त्यात निळं आहेच किती? तिथे लाल फिल्टर काही करत नाही. सकाळी नऊ-दहाला ऊन पाठीमागून, सह्याद्रीच्या बाजूने येत असतं आणि समुद्रावरचं आकाश खरोखर निळं असतं. ऑक्टोबरात पाऊस ओसरून हवा धुतल्यासारखी झालेली असते आणि कापसाचे ढग तरंगत असतात. लाल फिल्टरचे दिवस ते. मार्च ते मेच्या धुरकट हवेत क्षितिजच सापडत नाही. त्या दिवसांत मी झूम करून एकामागे एक उभे असलेले डोंगराचे सुळके घेतो. जवळचा काळा, पुढचा राखी, त्यामागचा फिकट. धूसर हवा स्वतःच पायऱ्या पाडून देते. आणि निळी पट्टी ओढताना हात आवरा. लाल घरातून छोट्या सेन्सरला निळ्या आकाशातली माहिती फार थोडी मिळालेली असते. जास्त ओढलं की आकाशात रवाळ डाग पडतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते.

क्षितिज कुठे ठेवायचं? मधोमध नको, वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, हे सगळीकडे सांगतात आणि ते बहुतेक वेळा ठीकच आहे. वाळू बोलकी असेल तर क्षितिज वर, ढग बोलके असतील तर खाली. पण जपानच्या हिरोशी सुगिमोतो यांनी १९८०पासून जगभरचे समुद्र क्षितिज बरोबर मधोमध ठेवून काढले. अर्धं पाणी, अर्धं आकाश, दुसरं काही नाही, आणि ते फोटो थरारून टाकतात. तेव्हा नियमापेक्षा क्षितिज सरळ आहे ना, हे आधी पाहा. पडद्यावर पातळीची रेघ चालू ठेवा. रुंद भिंगात क्षितिज चौकटीच्या वरच्या वा खालच्या कडेजवळ गेलं तर धनुष्यासारखं वाकतंही. कॅमेऱ्यातलं जेपेग बहुधा ते सरळ करून देतं, रॉमध्ये कधीकधी आपल्याला करावं लागतं.

क्षितिजाच्या बाबतीत मला सुवर्णदुर्गाने पुष्कळ शिकवलं. हर्णैच्या वाळूवरून पाहिलं तर किल्ल्याचा तट क्षितिजाला फोडून वर आकाशात जातो. संध्याकाळी तो एक काळा, आडवा, दातेरी पट्टा. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या बाजूने, उंचावरून झूम करून पाहा. आता किल्ल्याच्या मागे आणि वर पाणी दिसतं, तो समुद्राने वेढलेला खराखुरा जलदुर्ग वाटतो. खालून त्याच्यामागे आकाशाची उजळ पाटी होती, वरून पाण्याची करडी पाटी आहे. दोन वेगळे फोटो. वरच्यासाठी सकाळचं ऊन हवं, म्हणजे तट पाण्यापेक्षा उजळ होईल. शिवाय सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जून आणि डिसेंबरमध्ये आपल्याकडे मावळतीच्या जागेत जवळजवळ पन्नास अंशांचा फरक पडतो. किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर महिना निवडावा लागतो.

लाटांबद्दल थोडंसंच. १/५०० सेकंदाला थेंबन्‌थेंब गोठतो. अर्ध्या सेकंदाला परत जाणारी लाट वाळूवर फेसाच्या लांब रेघा ओढते, आणि मला करड्यात त्याच जास्त आवडतात. त्यासाठी सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबायचं, कॅमेरा एखाद्या दगडावर पिशवी ठेवून तिच्यावर टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बटण लाट येताना दाबू नका. ती वर चढून थांबली आणि मागे फिरली, की त्या क्षणी दाबा.

आणि वाळू. माझा आधीचा कॅमेरा कर्द्याच्या किनाऱ्यावर गेला. कोरड्या वाळूवर रुमाल पसरून त्यावर ठेवला होता, वारा होता. चालू केला तेव्हा भिंगाची नळी कचकच करत अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. बाहेर-आत होणाऱ्या नळीच्या फटीत वाळूचे चार कण पुरतात. आता कॅमेरा झिपच्या पिशवीत असतो आणि वाऱ्याकडे पाठ केल्याशिवाय मी तो चालू करत नाही. खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर भिंगावर बसतो तो वेगळाच. डोळ्यांना दिसत नाही, पण सूर्य समोर असला की सगळा फोटो दुधाळ होतो आणि काळा काळा राहत नाही. दर थोड्या वेळाने मऊ फडक्याने पुसायचं, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरचं अंग.

पावसाळ्यात मात्र मी हटकून जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या पुळणीवर ओढून घेतलेल्या असतात आणि त्यांच्यावर निळी ताडपत्री बांधलेली असते. रंगीत फोटोत ती निळाई सगळ्यावर मात करते, दुसरं काही दिसूच देत नाही. करड्यात तिची निळी पट्टी मनासारखी सरकवता येते. वर नेली की ताडपत्री फिकट होते, तिच्या सुरकुत्या दिसतात, दोरांचे फास दिसतात, पावसाचं साठलेलं पाणी लकाकतं. मागचा समुद्र त्या दिवसांत गढूळ, गडद करडा असतो. ढगाळ आकाशाला सावली नसते, घाई नसते. एका होडीपाशी तासभर बसून राहिलं तरी उजेड तोच असतो.